अस्तर

डाव्या बगलेखाली जागा सोडा, तो म्हणाला,
बटण एकच ठेवा, तेही नावापुरतं.
किती लांब? मी विचारलं.
त्यानं माझीच टेप घेतली
आणि चाळिसाच्या अलीकडे नख टेकवलं.

आमच्या तुला शहरात असल्या मापाचं कारण कुणी विचारत नाही.
नोव्हेंबर होता, उपा नदी कडेकडेनं गोठत होती.
मी अस्तर दुहेरी घातलं, खांदा जरा उतरवला,
वजन दिसू नये म्हणून.

रिम्मा कारखान्यात बिजागऱ्या तपासते.
आखूड रायफलचा दस्ता: उघड, मिट, उघड, मिट,
पाळी संपेपर्यंत.
घरी येऊन ती कोमट पाण्यात बोटं बुडवते,
मी टेप गुंडाळून ठेवतो.
तिचा आकडा तिच्याकडे, माझा माझ्याकडे.
एका रात्री कोबी चिरता चिरता
ती सहज बोलून गेली,
मिटल्यावर चाळीसही भरत नाही.
मी मीठ मागितलं.

कोट मार्चमध्ये परत आला.
बाईनं आणला. काळा रुमाल, सोबत मुलगा, रोद्या.
बाह्या आखूड करा, म्हणाली,
आणि आतलं ते काढून टाका.

उसवलं.
कापडावर तेलाचा डाग,
लांबट, एका टोकाशी वाकलेला.
साबण, व्हिनेगर, खडू, कशाला दाद देईना.
शेवटी वरून नवं अस्तर शिवलं.

मुलानं कोट चढवला, बगलेत नाक खुपसलं.
बाबांचा वास, म्हणाला.

मला तर तो
रिम्माच्या हातांचा वाटला.