इस्त्रीवर तापवलेली हलगी

सूर गावात संध्याकाळी समुद्राची ओल आत शिरते
आणि हलगीचं कातडं सैल पडतं.
कोल्हापुरात आम्ही पाला पेटवून तापवायचो.
दस्तगीर मुल्लाणी लाँड्रीतल्या इस्त्रीवर तापवायचा,
जरा धरायचा, उचलायचा, टिचकी मारून ऐकायचा,
पुन्हा धरायचा.
तेवढा वेळ दोनशे बैशांचे शर्ट थांबायचे.

टीमच्या जर्स्या मात्र कधी थांबल्या नाहीत.
अकरा आणि राखीव सात, सगळ्या फुकट,
बाहीची घडी अशी की बोट कापावं.
"हरायचं तर हरा," म्हणायचा,
"पण चुरगळून हरू नका."

तो एका पेठेचा, मी दुसऱ्या.
तिकडं असतो तर एकमेकांवर दगडच मारले असते.
मारलेही असतील.
अठ्ठ्याण्णवच्या फायनलला माझ्या कपाळावर बसलेला
कुणाचा होता, ते आम्ही कधी काढलं नाही.
इथं सिमेंटच्या एकाच पायरीवर अकरा वर्षं,
मधे बिजूची शेंगदाण्याची पुडी.

अरबी त्याला हिशेबापुरतं यायचं.
मैदानावर तो आपल्याच भाषेत पेटायचा:
"मार की रं! बघत काय बसलाईस, मार की!"
दोन मोसमांत सईदची पोरं ओरडू लागली, मारकीरं,
मग राखीव बाकावरचे, मग खुद्द गोलकीपर.
निझवाहून आलेल्या टीमच्या कोचनं एकदा विचारलं,
हा मारकीरं कोण, नंबर काय त्याचा?

मंगळवारी दुपारी दिलबहादूरला जळका वास आला.
दस्तगीर खुर्चीत होता, मान भिंतीला.
इस्त्री शर्टावर तशीच.
शर्ट माझा होता.
हे मी कुणाला सांगितलं नाही अजून.

जैबूनवहिनीला फोन मीच केला.
बराच वेळ पलीकडून नुसता मिक्सरचा आवाज,
शेजारघरचा असेल.
मग म्हणाली, "पेटीत घालून पाठवू नका.
एकट्यानं प्रवास जमत नाही त्यास्नी.
तिथं मान्सं हाईत न्हवं?
मग तिथंच ऱ्हाऊ दे."

कब्रस्तानच्या भिंतीबाहेर मी आणि बिजू उभे राहिलो.
सईद हाताला धरून आत घेऊन गेला,
म्हणाला, तीन मुठी माती, एवढंच तर आहे.
टीमचा निळा-पिवळा मफलर आत ठेवू का, विचारलं.
रीत नाही, म्हणाला.
आणि तो लोकरी मफलर स्वतःच्या गळ्यात घालून
अडतीस डिग्रीत घरापर्यंत चालत गेला.

शुक्रवारी टीम मैदानात आली
आणि पायऱ्यांवर कुणी ओरडलंच नाही.
जर्स्या चुरगळलेल्या.
बॅगेतून निघाल्या तशा,
पाठीवरचे आकडे मुडपलेले, आठाचा तीन दिसत होता.
दुसऱ्या लाँड्रीत द्यायला कुणाचं मन झालं नव्हतं,
की कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं,
विचारलं नाही.
एक मिनिट शांतता, पंचानं घड्याळ बघितलं.
हलगी माझ्या मांडीवर होती, ओली, मुकी.
हरलो. दोन शून्य.
शेवटच्या मिनिटाला सईदचा धाकटा एकटाच म्हणाला, मारकीरं,
पण हळू,
कुणाला हाक मारायची की नको, अशा आवाजात.

पुढच्या शुक्रवारी सोहारची टीम येणार आहे.
लाँड्रीची किल्ली मालकानं महिनाअखेरपर्यंत दिलीय,
लोकांचे कपडे वाटून टाका म्हणून.
बहुतेक वाटले. सात-आठ उरलेत,
कॉलरच्या आत त्याच्या अक्षरातले नंबर,
ज्यांचे आहेत ते सुट्टीवर गेले असतील.

आत्ता इस्त्री लावून बसलोय.
हलगी डाव्या हातात.
इस्त्रीच्या चकतीवर लिहिलंय
नायलॉन, रेशीम, लोकर, सुती.
कातड्याचं कुठं काही लिहिलेलं नाही.