मोजणी

जांबोटीच्या पुढे आधी रेंज जाते,
मग डांबर जातं, मग अभयारण्याची पाटी येते, कन्नडमध्ये.
बमू यमकरला ती वाचता येत नाही.
तिचा खड्डा मात्र त्यानंच काढलेला.

दिवस बुडताना तो गुहेच्या तोंडाशी बसतो,
टॉर्चला लाल कागद बांधून,
मांडीवर हिरड्यांची ओंजळ.
दहा पाकोळ्या बाहेर पडल्या की एक हिरडा टोपीत.
तोंडानं मोजत नाही. तोंडानं मोजलं की चुकतं,
आणि वास आत जातो.

बेंगळूरच्या बाई कुजबुजतात, "एष्टु?"
तो टोपी ओतून दाखवतो:
एकोणतीस हिरडे, वर चार.
"औंदा बऱ्या हायती," म्हणतो,
म्हैस व्याल्याचं सांगावं तसं.

बाईंच्या जीपमध्ये दुसरी एक वही असते.
कुसवाडी. चुली किती, जनावरं किती,
कोण उठायला तयार.
तेही बमूलाच विचारतात, माहीतगार म्हणून.
चुली अकरा.
त्यातली एक शाळेची,
मास्तर येतील त्या दिवशीच पेटते.
ती धरायची?

बाईंचं पेन कागदावर टेकून राहतं,
शाईचा ठिपका मोठा होत जातो.

एवढ्यात एक चुकार पाकोळी
बमूच्या कानाशी वारा फाडत निघून जाते,
गोव्याकडे की कणकुंबीकडे, कळत नाही.

म्हणजे वर पाच.
हिरडा पडायला अजून पाच हव्यात.
रिकामी टोपी पुन्हा मांडीवर घेऊन
तो बसून राहतो.
जीपवाला हॉर्न देतो.
बमू उठत नाही.