टॉवर नंबर एकशे सतरा

कार्तिक सरता सरता ती पहिली काटकी आणते.
बाभळीची, काट्यांसकट,
पायात धरून. चोच मोकळी ठेवते,
कुणावर ओरडावं लागलंच तर.

मी खाली, डायरी काखेत,
पाटोद्याकडून लाइनीखालून चालत आलेला.
इन्सुलेटर बघायचे, कुठं मांजा अडकलाय,
कुठं वेल चढलाय,
आणि एकशे सतरावर
ही.

पुस्तकात सुपर्ण म्हणतात म्हणे.
वाडीवरची माणसं थोरली घार म्हणतात.
मी पिंगट म्हणतो.
दोन पावसाळे गंजीत राहिलेल्या कडब्याचा
रंग आहे तिला.

राजबिंडी वगैरे नाही.
तासन् तास बसून राहते,
बाजार उठल्यावर ओट्यावर कुणी बसावं तशी.
घारीनं कष्टानं उचललेला उंदीर
नुसत्या पंखांच्या धाकानं सोडायला लावते,
आणि तो भुईला टेकायच्या आत
तिचा असतो.
पोल्ट्रीमागच्या खड्ड्यातल्या मेल्या कोंबड्याही चालतात.
इलियास म्हणाला, गरुड असून असलं खातो?
मी म्हटलं, तुझा डबा उघड आधी.

तिचा पहिला नर
गेल्या पौषात पवनचक्कीखाली सापडला.
एक पंख निराळा, चार हात लांब पडलेला.
यंदाचा नवा आहे, अंगानं बारका,
अजून काटक्या पाडतो.
त्या पडलेल्या काटक्या
ती उचलायला जात नाही. तोही नाही.

माघात पत्र आलं:
उन्हाळ्यापूर्वी टॉवरवरची सर्व घरटी काढावीत.
चाळीस मिनिटांचं परमिट घेतलं,
रानातल्या मोटारी गप्प झाल्या,
आणि मी चढलो.

घरट्यात
सरकी काढलेल्या कापसासारखं एक पिल्लू.
घोरपडीचं शेपूट. लुगड्याचा काठ.
कुणाच्या तरी शाळेचा टाय.
कडुलिंबाची डहाळी, हिरवी, त्याच सकाळची.
आणि माझा डाव्या हाताचा मोजा,
दिवाळीत हरवलेला;
त्याच्या अंगठ्यावर मान टेकून
पिल्लू निजलेलं.

ती समोरच्या आडव्या लोखंडावर येऊन बसली.
झडप नाही, ओरडणं नाही.
मान वाकडी करून बघत राहिली
मी अंगाला काय काय बांधलंय ते:
पट्टा, दोर, हुक.
उंचावर यायला एवढं सगळं लागतं
हे तिला नवीन असावं.

खाली उतरलो. डायरीत लिहिलं,
'वारा जास्त असल्याने काम अपूर्ण.'
त्या दिवशी पान हलत नव्हतं.
कुलथे साहेबांनी ते वाचलं,
खिडकीबाहेरच्या अशोकाकडं बराच वेळ पाहिलं,
आणि सही केली.

चैत्रात पिल्लू काठावर उभं राहून
पंख मारायचं, जागच्या जागी,
स्टँडवर लावलेल्या सायकलचं
पायडल मारावं तसं.
वैशाखात एक दिवस
काठ नुसताच होता.

मग घरटं काढलं. दोन पोती काड्या निघाल्या.
सबस्टेशनमागं तीन दिवस
त्यावर चहा झाला.
बाभळीचा विस्तव चांगला धरतो.
मोजा मी धुतला. वास जात नाही.
तसाच वापरतो.

परवा परत कार्तिक सरत होता.
पायात काटकी घेऊन ती आली,
एकशे सतरावर एक घिरटी घातली,
आणि पुढं गेली, एकशे अठरावर.

एकशे अठरा आमच्याकडं नाही.
तिथून पुढं भूमचा सेक्शन.
त्यांच्या लाइनमनचं नाव मला ठाऊक नाही,
इलियासकडं नंबर आहे.
फोन करून विचारावं म्हणतो,
माघात तुमच्याकडं
वारा कसा असतो.