चार-तीन

लुद्रिक सरांनी फळ्यावर लिहिलं
क्ष + य = ७
क्ष − य = १
आणि खडू बोटांत फिरवत म्हणाले,
एकट्या पहिल्याला विचाराल तर तो काहीही सांगेल.
पाच नि दोन, सहा नि एक, शून्य नि सात,
अपूर्णांकांत शिरलात तर मोजदादच नाही.
दुसऱ्यालाही विचारा.
दोघांची साक्ष जुळेल, ते उत्तर.

नववी ब. खिडकीबाहेर कुंपणावर वाळत टाकलेली जाळी,
वर्गभर सुक्या जवळ्याचा वास.
दोन्हींची बेरीज केली की य जातो.
लोप म्हणायचं त्याला.
गेला म्हणजे मेला नव्हे, सर म्हणाले,
क्ष सापडला की हाक मारा, येतो.
चार. मग तीन.
आणि रेघा समांतर निघाल्या तर, सर?
तर उकल नाही. घरी जा.

आलेखाच्या कागदावर रेघा मिळाल्या तिथलं टिंब
मी इतकं गिरवलं की कागद फाटला.

रविवारी होडीत जिवाकाकाला हे सगळं सांगितलं.
सातवी नापास माणूस. वल्हं थांबवून हसला.
"ह्यां माका शिकवतंस?
थंय बघ. रवळनाथाच्या कळसार
डोंगरावरचो एकटो माड इलो, ही एक रेघ.
दीपस्तंभाच्या पाठी बर्फाच्या फॅक्टरीची चिमणी लपली, ही दुसरी.
दोनी खंय गावतत, थंय फातर."
नांगर सोडला. तो अडकला.
आठ वाव खाली, कोणी न पाहिलेल्या खडपाभोवती
तांबोशी होती, गोबरे होते.
मी त्या जागेला चार-तीन म्हणू लागले.
काही दिवसांनी तोही.

मग एका वादळात तो माड पडला.
नारळ गोळा करायला पोरं डोंगरावर धावली
आणि काका ओटीवर बसून राहिला,
घरातलं कोणी गेल्यासारखा.
एक समीकरण पुसलं गेलं होतं.
उरलेल्या रेघेवर उत्तरं हवी तेवढी,
दीपस्तंभापासून पार क्षितिजापर्यंत,
आणि हवी तेवढी उत्तरं असणं म्हणजे काय
ते मला तेव्हा कळलं, पुस्तकात नाही.

चिमणी दीपस्तंभामागे धरून आम्ही निघालो.
काकाने शिशाच्या बुडाला साबण भरला होता.
दोरी खाली सोडायची, वर ओढायची, बघायचं.
रेती.
रेती.
चिखल, शिंपल्याचा चुरा.
पुन्हा रेती. ऊन डोक्यावर आलं, पाण्याची बाटली संपली.
मग एकदा साबण कोरा आला,
नुसता एक खळगा पडलेला.

"आता किनाऱ्याक बघ," काका म्हणाला. "कायतरी गावात."
बघितलं. मशिदीच्या मिनाराच्या बरोबर पाठी
नवा मोबाइलचा टॉवर, लाल-पांढरा.
एका बिंदूतून वाटेल तेवढ्या रेघा जातात,
सरांनी हे कधीतरी तास संपता संपता सांगितलं होतं,
घंटेत ऐकू आलं नव्हतं.
माड पडला, पण उत्तर जागेवरच होतं.

आता पुतण्याकडे फोन आहे. प्रज्योत त्यात दोन आकडे टाकतो,
दशांशचिन्हापुढे सहा-सहा घरं,
आणि इंजिन थेट चार-तीनवर नेऊन बंद करतो.
उत्तर बरोबर.
अशा उत्तराला सर चारांपैकी एक गुण द्यायचे
आणि समासात लाल शाईने लिहायचे, कसं?

काकाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय.
तरी नांगर हातात धरून तो किनाऱ्याकडे तोंड करतो,
तळवा कपाळावर, मान जराशी डावीकडे,
जराशी उजवीकडे.
प्रज्योत घड्याळ बघतो.
काकाला दिसतं की नाही, मी विचारत नाही.

"हां," तो म्हणतो. "सोड."