दोन बोटं माया

टेपाला उलटी बाजू असते
हे बत्तीस वर्षं मशीन चालवून
मला परवा कळलं.

पहाटे देगलूर रोडवरून पळून आला,
घामानं निथळत दुकानाच्या पायरीवर उभा.
म्हणाला, "अप्पा, छाती मोजा. सेंटिमीटरात."
मी जन्मभर इंचांचा माणूस.
टेप पालटला.
सत्त्याहत्तर.
"आता श्वास भरतो, परत घ्या."
ब्याऐंशी, वर एक बारीक रेघ.
पाच लागतात म्हणे फुगवून.
"बसतंय," मी म्हणालो,
गिऱ्हाइकाला म्हणतो तसं.

ह्या पोराचं पहिलं माप
महानंदानं मांडीवर वितीनं घेतलं होतं.
शाळेची चड्डी शिवली
तेव्हा कमरेत दोन बोटं माया सोडली,
पँटवर आला तेव्हा पायातही.
दर जूनला उसवायची, खाली घ्यायची.
जुन्या दुमडीची गडद रेघ तेवढी राहायची,
पोरं हसायची त्याला,
मला तिथं त्याच्या उंचीचा हिशेब सापडायचा.

माझा आजा खाकीला भ्यायचा.
निजामाच्या दिवसांत रस्त्यावर बूट वाजले
की मशीन थांबवून फळी आतून लावायचा.
सगळं निवळल्यावरही, मरेपर्यंत,
कुणा शिपायाची पँट त्यानं शिवायला घेतली नाही.
त्याच्या पणतूला ट्रेनिंगसाठी
हैदराबादच मिळालं.

खरं सांगू?
पळताना ह्याचा पाय मुरगळावा
असं एकदा माझ्या मनात आलं.
त्याच रात्री त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळत बसलो,
तो म्हणाला, "अप्पा, जरा हळू."

अठराला चार महिने कमी, म्हणून
फॉर्मवर बापाची सही लागत होती.
शेजारचा नागनाथ म्हणाला,
"चार वर्षांचा तर प्रश्न हाय,
चौघांतला एकच ठेवतेत, बाकीचे घरी."
महानंदा नारळ घेऊन किल्ल्यातल्या मठात गेली.
चौघांतला एक होऊ दे म्हणावं,
का उरलेल्या तिघांतला?
तिचं ठरेना.
नारळ तसाच पिशवीत घालून परत आली
आणि दोन दिवसांनी त्याची चटणी वाटली.

सही मी दुपारी केली,
दुकानात कुणी नसताना.
कापडावर खडू जसा आपसूक वळतो
तसं पेन वळलं नाही.
मन्मथ बाजूला उभा, गप्प.
मग म्हणाला, "तारीख राहिली."

स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबली.
त्यातलं एक मिनिट त्याची चप्पल तुटली
ह्यात गेलं.

आता रविवारी फोन येतो, मोजून दहा मिनिटं.
जेवण बरं आहे. केस कापले. 
"वर्दी जरा ढगळ हाय, अप्पा."
मी म्हणालो, "उलटी करून बघ,
शिवणीत माया किती सोडलीय?"
"बघतो," म्हणाला.
पुढच्या रविवारी सांगायचं विसरला,
मीही विचारलं नाही.

गळ्यातला टेप तेव्हापासून उलटाच आहे.
काल एका मास्तरांना
कंबर शहाऐंशी सांगितली,
ते केवढ्यानं दचकले.