दारामागची पिशवी

वर्षातून दोनदा मी ती पिशवी फरशीवर रिकामी करते.
एकदा बाजारात सेफेरिहिसारची संत्री येतात तेव्हा,
एकदा गल्लीतली तुती गळून पायरी जांभळी होते तेव्हा.
तारखा विसरायला होतं.
तुती चपलेला चिकटून घरात येते.

बाटल्यांतलं जुनं पाणी कुंड्यांना, नवं आत.
बिस्किटं मेल्तेमच्या डब्यात.
टॉर्च दोनदा उघडझाप.
घराचे कागद मेणकापडात.
रुश्तूच्या रक्तदाबाच्या गोळ्या
तो गेल्यावरही मी दोन खेपा बदलल्या.
तिसऱ्या खेपेला काढल्या,
आणि त्या कप्प्यात काय भरावं
ते काही सुचलं नाही.

कपाट त्यानंच भिंतीला आवळलेलं.
चार स्क्रू, त्यातला एक तिरका.
"बघ, तिरकाच टिकेल," म्हणायचा.

मग बूट.
मेल्तेमचे बूट दर खेपेला लहान झालेले.
तेवीस, पंचवीस, अठ्ठावीस.
लोक पोरांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहितात,
आमची ही पिशवीत वाढली,
कधीच न घातलेल्या बुटांतून.

शिट्टी कशाला, तिनं पाच वर्षांची असताना विचारलं.
म्हटलं, आवाज बसतो. शिट्टी बसत नाही.
पुढचा आठवडाभर घरात शिट्टीच,
आणि वरच्या मजल्यावरून हाय्रीये आजींची काठी,
ठक, ठक, ठक.

आजींची पिशवी मी एकदा पाहिली:
एक स्वेटर, स्पिरिटचा स्टोव्ह,
तांब्याचं जेझवे, कॉफीचा डबा.
"आणि औषधं?"
"ती उशाखाली."
"पण कॉफी, आजी?"
"तरुणपणी एक अख्खी रात्र रस्त्यावर काढलीय मी.
ब्लँकेटं होती सगळ्यांकडे.
बोलायला सुरुवात कुठून करायची, तेवढं कुणाकडे नव्हतं."

या वर्षी संत्री आली आणि मी तापानं पडले.
पिशवी राहिली.
पुढच्या महिन्यात, पहाटे चारच्या सुमाराला,
आधी ताटाळ्यातले चमचे बोलले,
मग दिवा, मग भिंत.

वाका, झाका, धरा.
टेबलाखाली तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकलेले,
दोघी मोठ्यानं आकडे मोजतोय.
अकराला थांबलं.
कपाट उभं होतं.
गॅसचा खटका बंद. लिफ्ट नाही, जिना.
ठरल्या जागी, चिनाराखाली,
सगळी इमारत झोपेच्या कपड्यांत.

तिनं पिशवी उघडली. तिसाचे बूट.
तिचा पाय तेहेतीस.
मी तोंडावर हात घेतला.
"अगं, दोन मोजे घातलेत मी," ती म्हणाली,
मीच समजूत घालून घ्यायच्या वयाची असल्यासारखी.

पलीकडे राखणदाराचा तुंजाय
एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा, अनवाणी.
मेल्तेम त्याच्यासमोर उकिडवी बसली,
नाडीला दुहेरी गाठ मारली,
अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून पाहिलं,
दुकानात मी दाबते तसंच.
"बोटभर जागा आहे," ती म्हणाली. "उन्हाळ्यापर्यंत चालतील."

आजींच्या स्टोव्हला वाऱ्यात काडी लागेना.
चौथीला लागली.
पहिला कप त्यांनी तळमजल्यावरच्या माणसाला दिला,
लिफ्टच्या खर्चावरून ज्याच्याशी
दोन वर्षं बोलणं बंद होतं.
त्यानं साखर मागितली.

उजाडल्यावर वर गेलो.
मिरच्यांच्या लोणच्याची एक बरणी फुटलेली, बाकी काही नाही.
दिवसभर घराला व्हिनेगरचा वास.

बूट परत आले नाहीत, मी मागितले नाहीत.
तुतीला अजून अवकाश आहे,
तरी काल बाजारातून दोन जोड आणले.
एक तेहेतिसाचा.
एक बाविसाचा, कुणाचा ते माहीत नाही.
तो रुश्तूच्या कप्प्यात बसला.
चेन जरा ओढावी लागते.