अंड्यांची वही

ओर्तेन्सिया पाइनेविल, वय एकाहत्तर.
तेमुकोच्या इस्पितळात पहाटे तीनला आणली.
शालीला लाकडाच्या धुराचा वास,
आणि मुलगी सांगत होती,
रात्रीपासून आई कोंबड्यांना
मेलेल्या भावांच्या नावांनी हाका मारतेय.

ताप चाळीसाला टेकलेला. रक्तदाब ऐंशीच्या खाली.
मी उजव्या बरगडीखाली बोटं रोवली,
म्हटलं, आजी, खोल श्वास घ्या.
तिनं घेतला, आणि तो मध्येच थांबला,
जसा उंबऱ्यात पाय टाकता टाकता
आतलं बोलणं कानावर पडून माणूस थांबतो.

निदान तिथंच झालं होतं. बाकी नुसते शिक्के:
करड्या पडद्यावर फुगलेलं पित्ताशय,
भिंत सुजून दुप्पट,
मानेशी अडकलेला खडा
आणि त्याच्यामागं काळीभोर सावली.
पोटातल्या अंधारातसुद्धा
दगडाची सावली पडते.

कधीपासून दुखतंय?
मुलीला ठाऊक नव्हतं.
हिनं सगळंच पोटात ठेवलं, म्हणाली.
विकलेलं कुरण. धाकट्याचं न येणं.
प्रत्येक सणाच्या जेवणानंतरची कळ.

ओयार्सून बाई आल्या, आकडे वाचले.
लघवी थेंबभर. प्लेटलेट घसरलेल्या.
"आत्ता कापलं तर टेबलावरच जाईल."
म्हणून खडा राहू दे, आधी पू.
सलाइन, अँटिबायोटिक, रक्तदाब धरून ठेवणारं औषध.
कातडी बधिर करून, यकृतातून वाट काढत
सुई, सुईतून तार, तारेवरून नळी.
हलू नका, म्हटलं. ती हलली नाही.
आपल्या भाषेत कुणाशी तरी बोलत होती,
मला त्यातलं एकच कळलं: को. पाणी.

पिशवीत उतरलं ते पाणी नव्हतं.
शेवाळी, दाट. नर्सनं खिडकी उघडली.

दुसऱ्या दुपारी तिनं स्वतःचं नाव सांगितलं.
तिसऱ्या दिवशी, सूप अळणी आहे.

नळीसकट घरी पाठवली, पिशवी शालीखाली.
रोज मोजा, रोज लिहा, एवढं बजावून.

सहा आठवड्यांनी वही आली.
वही अंड्यांचीच, शेजारी नवा रकाना:
अंडी अकरा, पित्त साठ.
अंडी नऊ, पित्त पंचेचाळीस.
अंडी नाहीत, कोल्हा. पित्त पन्नास.

मी पुन्हा बोटं ठेवली. श्वास घ्या.
पोट माझ्या बोटांना उचलून वर आलं,
आणि येतच राहिलं.

उद्या दुर्बिणीतून काढू, म्हटलं, पिशवी, खडा, सगळंच.
तिनं वही मिटून कमरेला खोचली.
शुक्रवारच्या बसला सोडाल ना?
खुडूक बसलीय एक.